घरच्या सिनेमाचा जमाखर्च

गेल्या दिवाळीत माझा मामेभाऊ एक कागद घेऊन माझ्याकडे आला. "दादा, जरा नजर टाक, काही राहिलंय का बघ," म्हणाला. कागदावर एका खोलीचा आराखडा होता आणि त्याच्या शेजारी आकड्यांची उतरंड. प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर, खिडक्यांना जाड पडदे, भिंतींना कापडी अस्तर, चार आरामखुर्च्या, शिवाय खोली गार ठेवण्याचे यंत्र. त्याला घरात सिनेमाची खोली करायची होती. मी पडलो इतिहास शिकवणारा माणूस, यंत्राबिंत्रातलं मला काय कळणार? पण कागद पाहता पाहता ध्यानात आले की हा हिशेब काही आजचा नाही. घरात सिनेमा आणण्याचे वेड जवळजवळ सिनेमाइतकेच जुने आहे, आणि त्याचा जमाखर्च मांडताना माणसे ज्या रकमा विसरतात त्याही जुन्याच आहेत. तेव्हा वाचकहो, त्या जुन्या चोपड्या आज तुमच्यासमोर थोड्या उघडाव्या म्हणतो.

लुमिएर बंधूंनी पॅरिसच्या ग्रां काफेमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी. पुढे सहाच महिन्यांत, ७ जुलै १८९६ ला, तीच हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात अवतरली. प्रवेशमूल्य एक रुपया. त्या काळचा रुपया, बरं का! मग हे नवल लोकांनी लगेच घरात का आणले नाही? पैसा हे एक कारण झाले. पण त्याहून मोठे कारण होते आग. त्या वेळची फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते. त्यात १८९७ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या दिव्याने घात केला. दिवा ईथरवर चालणारा होता. त्याच्या वाफेजवळ कुणीतरी काडी ओढली आणि सव्वाशेच्या आसपास माणसे, बहुतेक स्त्रिया, प्राणास मुकली. अशी वस्तू दिवाणखान्यात कोण आणून ठेवणार?

म्हणून घरच्या सिनेमाच्या अंदाजपत्रकातली पहिली रक्कम सुरक्षिततेची होती. १९१२ साली फ्रान्सच्या पाथे कंपनीने २८ मिलिमीटर रुंदीची, सहजी न पेटणारी फिल्म आणि तिच्यासाठी घरगुती यंत्र काढले. यंत्राची गंमत अशी की हाताने दांडा फिरवला की फिल्मही सरके आणि आतला छोटा डायनामो दिव्याला वीजही पुरवी. ज्या घरी वीज नाही तिथेही खेळ व्हावा, ही त्यातली योजना. त्याच वर्षी अमेरिकेत एडिसननेही घरगुती यंत्र काढले. त्याने काटकसरीचा आणखी एक मार्ग शोधला. २२ मिलिमीटरच्या एकाच पट्टीवर चित्रांच्या तीन रांगा! एक रांग पुढे जाताना पाहायची, दुसरी मागे येताना, तिसरी पुन्हा पुढे जाताना. सांगायचा मुद्दा हा की घरच्या सिनेमाचे शोध लावणारे लोक शास्त्रज्ञ खरेच, पण त्यांच्या डोळ्यांसमोर गृहस्थाचा खिसा होता.

आता आपल्याकडे वळू. १९११ साली मुंबईत गिरगावच्या एका तंबूतल्या चित्रपटगृहात येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहून धुंडिराज गोविंद फाळके भारावून गेले, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्यानंतर ते घरी काय करत ते मात्र फारसे कुणी सांगत नाही. त्यांनी फिल्मची काही रिळे मिळवली, आणि रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाडून ती चित्रे ते घरच्या भिंतीवर पाहू लागले. पाहा ना, मेणबत्ती, भिंग आणि भिंत! मराठी घरातली ही सिनेमाची खोली. तिच्या अंदाजपत्रकात यंत्राची रक्कम जवळजवळ शून्य; पण खर्च मात्र झाला. रोज चार-चार, पाच-पाच तास सिनेमे पाहण्याच्या नादात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला, काही काळ दिसेनासे झाले आणि डॉक्टरांचे उपचार घ्यावे लागले.

मग विलायतेला जाण्याचा बेत ठरला. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले, १९१२ च्या आरंभी लंडन गाठले आणि पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा ठरवून ते परत आले. दादरच्या बिऱ्हाडात अंधारखोली झाली. पण सिनेमा काढायला भांडवल हवे, आणि सावकार नुसत्या शब्दावर पैसे थोडेच देतो! फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोखला आणि महिनाभर रोज थोडे थोडे चित्र टिपले. मिनिटभराची फिल्म तयार झाली: वाटाण्याला अंकुर फुटतो, वेल वर चढते. ती निवडक मंडळींना दाखवली, कर्ज मिळाले, आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशन थिएटरात लागला. मिनिटभराच्या एका खासगी खेळातून आपला चित्रपटधंदा उभा राहिला, असे म्हटले तर ते चूक होणार नाही.

आता या हिशेबातली एक रक्कम कुठेच नोंदलेली नाही. कोरी फिल्म त्या वेळी कडेला भोके न पाडलेली येई. अंधारात बसून हाताने तिला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करत. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरे कापड धरून उजेड परतवणे हेही त्यांचेच, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांचाच. दहा हजारांचे कर्ज कागदावर आले. हे श्रम कुठल्या कागदावर येणार? ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

विसाच्या दशकात खरी घरगुती यंत्रे आली. १९२२ च्या नाताळात पाथेने साडेनऊ मिलिमीटरचे 'पाथे-बेबी' बाजारात आणले. भोके कडेला पाडली तर जागा वाया जाते, म्हणून ती चित्रांच्या मध्ये, पट्टीच्या बरोबर मधोमध घेतली. त्यामुळे पट्टीची जवळजवळ सगळी रुंदी चित्राला मिळाली. मूकपटातले लिहिलेले मजकूर वाचायला वेळ लागतो आणि त्यात फिल्म फुकट जाते. तर तिथे फिल्मला एक खाच पाडली, खाच आली की यंत्र आपोआप क्षणभर थांबे. इतकी चिक्कू काटकसर आपल्या आजीलाही सुचली नसती!

पाठोपाठ १९२३ साली अमेरिकेत कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म काढली. सोळाच का? ३५ मिलिमीटरची जुनी, पेटणारी फिल्म कुणी मधोमध चिरून घरच्या यंत्रात घालू नये म्हणून. साडेसतरा ठेवली असती तर लोकांनी ते हमखास केले असते. कॅमेरा, प्रोजेक्टर, तिवई, पडदा आणि फिल्म जोडण्याचे साधन मिळून या संचाची किंमत होती ३३५ डॉलर. त्या सुमारास फोर्डची साधी मोटार तीनशे डॉलरच्या आतबाहेर मिळत असे. म्हणजे घरी सिनेमा की दारी मोटार, असा तो सवाल होता.

पण संच घेणाऱ्याला लवकरच कळले की यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, फिल्मची दर रविवारी. १६ मिलिमीटरच्या एका फुटात चाळीस चित्रे बसतात. सेकंदाला सोळा चित्रे या गतीने शंभर फुटांचे रीळ चार मिनिटांत संपते. मुलाच्या बारशाची चार मिनिटे पाहायला शंभर फूट! या चालत्या खर्चावर तोडगा निघाला तो १९३२ साली, आर्थिक मंदी ऐन भरात असताना. तीच पट्टी कॅमेऱ्यातून दोनदा न्यायची, प्रत्येक वेळी निम्म्या रुंदीवर छोटी चित्रे घ्यायची आणि धुतल्यावर मधोमध चिरायची. ही ८ मिलिमीटरची युक्ती. चार मिनिटांना शंभराऐवजी पंचवीस फूट पुरू लागले. ज्यांना स्वतः चित्रे घ्यायची नसत त्यांच्यासाठी कोडॅकने भाड्याने फिल्म देणारी ग्रंथालयेही काढली होती. विकत घेण्यापेक्षा भाडे बरे, हे शहाणपणही तेव्हाचेच.

आता खोलीविषयी. १९४२ साली अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांसाठी सिनेमाघर झाले, तेही नवी इमारत बांधून नव्हे. पाहुण्यांचे कोट-टोप्या ठेवण्याच्या लांबट खोलीतच केले. आणि खोली मोठी म्हणजे चांगली, हा समज तर पार काढून टाका. पडद्याची रुंदी चार फुटांवरून आठ फूट केली की क्षेत्रफळ चौपट होते आणि तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. म्हणजे चित्र चौथाईने उजळ! मग अधिक जोरकस यंत्र घ्या, म्हणजे पुन्हा पैसे. त्यापेक्षा पडदा बेताचा आणि काळोख पुरा ठेवावा. काळोखाला जाड कापडाइतकाच खर्च येतो. आवाजाचेही तसेच. उघड्या भिंती आवाज परतवतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात. भारी स्पीकर घेण्याआधी खाली सतरंजी, मागे पुस्तकांचे कपाट आणि भिंतीला एखादी गोधडी लावून पाहावी. निम्मे काम तिथेच होते.

आमच्या लहानपणी मात्र यातले काहीच नव्हते. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि त्यापाठोपाठ गावोगाव व्हिडिओ आले. विकत घेण्याची ऐपत नव्हती. वाड्यात वर्गणी काढून एका रात्रीपुरता टीव्ही, व्हिडिओ आणि तीन कॅसेटी भाड्याने आणत. भाडे एका रात्रीचे, म्हणून तिन्ही सिनेमे सकाळपर्यंत पाहून संपवायचेच! मामाच्या वाड्यातल्या त्या रात्री मला अजून आठवतात. चाळीस माणसे एका चौकात बसलेली, आणि मध्यरात्री सगळ्यांना चहा. चहा मामी करत असे. पुढे कितीतरी वर्षांनी एकदा ती सहज म्हणाली, "मी त्यातला एकही सिनेमा सबंध पाहिला नाही रे. कुणाचा शेवट ठाऊक, कुणाची सुरुवात." आम्ही सगळे हसलो. तीही हसली.

म्हणून भावाचा कागद पुन्हा पाहिला तेव्हा मी त्याला एवढेच विचारले, "ही खोली कुठली रे?" तो जरा अडखळला. म्हणाला, "आईची. तिची कॉट हॉलमध्ये घेऊ. तिची काही हरकत नाही." हरकत नाही हे तिनं सांगितलं की तूच धरून चाललास, असं मी म्हटलं. तो काही बोलला नाही. त्या कागदावर यंत्र होते, पडदा होता, खुर्च्याही होत्या. पण चार खुर्च्यांत कोण बसणार हे कुठेच लिहिले नव्हते, आणि घरात माणसे होती पाच.

वाचकहो, तुमच्याही मनात अशी खोली असेल तर हिशेब उलटीकडून मांडा. आधी माणसे मोजा आणि कुणाची जागा जाते ते त्यांनाच विचारा. मग काळोख आणि सतरंजी. मग दरमहा काय जाईल ते: वीज, दिवा, सिनेमांचे भाडे. यंत्र सगळ्यात शेवटी, कारण ते दर पाच-सात वर्षांनी जुने होणार आणि स्वस्तही होणार. पाथेचे गेले, कोडॅकचे गेले, व्हिडिओही गेला.

पंधरा दिवसांनी भाऊ नवा कागद घेऊन आला. सिनेमा आता हॉलमध्येच होणार होता. गुंडाळून ठेवता येईल असा बेताचा पडदा, खिडक्यांना जाड कापड, आरामखुर्च्यांऐवजी गाद्या आणि लोड. आकडा निम्म्याच्या खाली आला होता. आईची खोली आईकडेच राहिली होती. विचारल्यावर तिने एकच अट घातली होती, आणि ती त्याने कागदाच्या तळाशी लिहून घेतली होती: "चहा आधीच करून थर्मासमध्ये ठेवायचा. मी मधे उठणार नाही."