प्रवेश परीक्षांची परिभाषा : पर्सेंटाइल, कट-ऑफ आणि काउन्सेलिंग म्हणजे काय?

बारावीनंतर अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाबरोबरच प्रवेश प्रक्रियेची एक स्वतंत्र भाषा शिकावी लागते. या भाषेतील अनेक शब्द परिचित वाटतात, परंतु त्यांचा अर्थ रूढ अर्थाहून वेगळा असतो. एका शब्दाचा अर्थ चुकीचा लावल्याने हाती आलेली जागा गमावल्याची किंवा अनावश्यक शुल्क भरावे लागल्याची वेळ कुटुंबांवर येऊ शकते. या दृष्टीने काही प्रमुख संज्ञांचा हा परिचय.

टक्के आणि पर्सेंटाइल

टक्केवारी विद्यार्थ्याला एकूण गुणांपैकी किती गुण मिळाले हे सांगते. पर्सेंटाइल, म्हणजेच शततमक, इतर परीक्षार्थींच्या तुलनेत त्याचे स्थान दर्शवते. एका सत्रात एक लाख विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी ९५ हजारांना एखाद्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर त्याचे पर्सेंटाइल ९५ होते. त्याचे गुण ३०० पैकी १५०, म्हणजे केवळ ५० टक्के असले, तरी त्यामुळे फरक पडत नाही. मात्र परीक्षार्थी दहा लाख असतील, तर ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्याही पुढे सुमारे दहा हजार विद्यार्थी असतात. म्हणूनच एका परीक्षेतील पर्सेंटाइलची दुसऱ्या परीक्षेतील पर्सेंटाइलशी तुलना करणे योग्य ठरत नाही.

काही नियमांत हे दोन्ही शब्द एकत्र येतात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमधील म्हणजेच एनआयटीमधील प्रवेशासाठी सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीत किमान ७५ टक्के गुण असावे लागतात, अथवा तो आपल्या परीक्षा मंडळातील अव्वल २० पर्सेंटाइलमध्ये असावा लागतो. अनुसूचित जाती व जमातींसाठी गुणांची अट ६५ टक्के आहे.

सामान्यीकरण

जेईई मेन ही परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत आणि वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांवर घेतली जाते. एखादी प्रश्नपत्रिका कठीण असल्यास त्या सत्रातील विद्यार्थ्यांवर अन्याय होऊ नये, यासाठी प्रत्येक सत्राचे पर्सेंटाइल स्वतंत्रपणे काढले जाते. या पद्धतीस सामान्यीकरण म्हणतात. समान गुण मिळवलेल्या, परंतु भिन्न सत्रांत बसलेल्या दोन विद्यार्थ्यांचे पर्सेंटाइल वेगळे येते ते यामुळेच. ही परीक्षा दोनदा दिल्यास दोहोंपैकी अधिक चांगली कामगिरी ग्राह्य धरली जाते.

पात्रता आणि कट-ऑफ

कट-ऑफ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ पात्रतेची किमान मर्यादा. दुसरा अर्थ विशिष्ट महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण किंवा क्रमांक. या दोहोंत मोठे अंतर असते.

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत सर्वसाधारण प्रवर्गासाठी पात्रतेची मर्यादा ५० पर्सेंटाइल आहे. २०२५ मध्ये ही मर्यादा ७२० पैकी १४४ गुणांवर आली, म्हणजे अवघ्या २० टक्क्यांवर. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेस बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. देशातील एमबीबीएसच्या जागा मात्र सुमारे सव्वा लाख होत्या. निकालपत्रावरील ‘पात्र’ हा शब्द प्रवेशाची हमी देत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कोटा आणि गृहराज्य

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उर्वरित ८५ टक्के जागा राज्यांमार्फत भरल्या जातात. राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते.

एनआयटीमध्ये निम्म्या जागा गृहराज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. येथे गृहराज्य म्हणजे मूळ गाव नव्हे, तर ज्या राज्यातून बारावी उत्तीर्ण केली ते राज्य. सुरतमध्ये बारावी झालेल्या मराठी विद्यार्थ्याला सुरतच्या एनआयटीत गृहराज्याचा लाभ मिळतो, नागपूरच्या संस्थेत मिळत नाही. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या कुटुंबांनी अकरावीचा प्रवेश घेतानाच ही बाब विचारात घेणे हिताचे ठरते.

केंद्रीय संस्थांत इतर मागासवर्गीय आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी जात केंद्रीय यादीत असणे आणि प्रमाणपत्र केंद्राच्या विहित नमुन्यात असणे आवश्यक असते.

काउन्सेलिंग

एरवी काउन्सेलिंग म्हणजे समुपदेशन. प्रवेश प्रक्रियेत मात्र या शब्दाचा अर्थ गुणानुक्रम व पसंतीक्रमानुसार होणारे जागावाटप असा आहे. आयआयटी, एनआयटी आदी संस्थांसाठी हे काम संयुक्त जागावाटप प्राधिकरण, म्हणजेच जोसा करते. जागा मिळाल्यावर तेथे तीन पर्याय असतात. ‘फ्रीझ’ म्हणजे मिळालेली जागा कायम करणे. ‘स्लाइड’ म्हणजे त्याच संस्थेत वरच्या पसंतीच्या शाखेची प्रतीक्षा करणे. ‘फ्लोट’ म्हणजे वरच्या पसंतीच्या कोणत्याही संस्थेसाठी प्रक्रियेत राहणे. पुढील फेरीत वरची जागा मिळाल्यास आधीची जागा आपोआप रद्द होते आणि ती परत मागता येत नाही.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात २०२५ मध्ये पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास ते स्वीकारणे बंधनकारक होते. त्यामुळे पसंतीक्रम खऱ्या इच्छेनुसारच भरावा लागतो. नको असलेले महाविद्यालय केवळ खात्रीची जागा म्हणून वर लिहिल्यास तेच पदरी पडते.

शिकवणी वर्गांच्या संज्ञा

‘इंटिग्रेटेड’ अभ्यासक्रमात कनिष्ठ महाविद्यालय आणि खासगी शिकवणी एकत्र चालते. ‘डमी शाळा’ म्हणजे जेथे केवळ नाव नोंदवलेले असते आणि विद्यार्थी दिवसभर शिकवणी वर्गात असतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती अनिवार्य असल्याने हा मार्ग धोक्याचा ठरू शकतो.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये. संपूर्ण शुल्क भरून विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडल्यास उर्वरित कालावधीचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असेही त्यांत नमूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींविषयी नियम घालून दिले. त्यानुसार यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र छापताना त्याने नेमका कोणता अभ्यासक्रम किती काळासाठी घेतला होता, हे सांगणे आवश्यक आहे. पूर्ण दोन वर्षांचा वर्ग आणि काही आठवड्यांची सराव चाचणी मालिका यांतील फरक त्यामुळे पालकांना कळू शकतो.

नियमांत दरवर्षी बदल होत असल्याने अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका वाचणे आवश्यक आहे. त्यातील व्याख्यांचे पान सर्वांत आधी वाचल्यास पुढील निर्णय सोपे होतात.