डाउनहिल सायकलची फ्रेम : चुकत चुकत उतरणारा नमुना
- प्रतिनिधी

नॉर्वेतील हाफियेल येथे सप्टेंबर २०१४ मध्ये डाउनहिल सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. डोंगरमाथ्यावरून एकेका स्पर्धकाला सोडायचे आणि पायथ्याशी तो किती वेळात पोहोचतो ते घड्याळावर मोजायचे, असा हा खेळ. अमेरिकेचा नेको मुलॅली सुरुवातीच्या फाटकातून बाहेर पडला आणि लगेचच त्याची चेन तुटली. पायडल मारून वेग वाढविण्याचा मार्गच बंद झाला. तरीही तो चौथा आला. ब्रिटनचा जी अॅथर्टन त्या दिवशी जगज्जेता ठरला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातील लिओगांगच्या विश्वचषक फेरीत अॅरन ग्विन या अमेरिकी खेळाडूचीही चेन फाटकापाशीच तुटली. तो तर शर्यत जिंकला!

सामान्य प्रेक्षकाला हा निव्वळ पराक्रम वाटला. सायकलची फ्रेम आखणाऱ्यांना मात्र त्यात एक प्रश्न दिसला. मागचे चाक दगडावर आदळून वर उचलले जाते, तेव्हा बहुतेक रचनांमध्ये पायडलचा आस आणि चाकाचा आस यांतील अंतर किंचित वाढते. वरच्या बाजूची चेन ताणली जाते आणि पायडलला उलटा झटका देते. त्या पायडलवर स्वार उभा असतो. म्हणजे चाकाला वर जाऊ देण्याच्या कामात त्याचे स्वतःचे पायच आडवे येतात. चेन गेली की हा अडथळाही जातो. ग्विन चेन तुटल्यामुळे जिंकला, असे म्हणणे अर्थातच धाडसाचे होईल. उतार, कौशल्य आणि जिद्द यांचा वाटा मोठा होताच. परंतु ज्या भागाला आपण केवळ ताकद वाहून नेणारा समजतो, तो दणके सोसण्याच्या कामातही ढवळाढवळ करतो, हे या दोन प्रसंगांनी सर्वांच्या डोळ्यांसमोर आणले.

योगायोग असा, की हाफियेलचा विजेता आणि चौथा आलेला खेळाडू हे दोघेही पुढे आपापल्या फ्रेम बनविण्याच्या उद्योगात उतरले. दोघांच्या वाटा अगदी निराळ्या. पण गाठायचे ठिकाण एकच होते. एखादी चूक लक्षात आल्यापासून ती सुधारलेली दुसरी फ्रेम हाती येईपर्यंतचा काळ त्यांना कमी करायचा होता. प्रोटोटाइपचे सारे शास्त्र शेवटी या एका काळाभोवती फिरते.

आखणी : मिलिमीटरांचा हिशेब

आपल्याकडे सायकल म्हटले की दुधाच्या कॅनी लटकवलेली काळी, उभट सायकल डोळ्यांसमोर येते. दोन त्रिकोणांची तिची चौकट शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. डाउनहिल सायकलची चौकट या नात्यातली असली, तरी ओळखू येऊ नये इतकी वेगळी असते. तिचा मागचा भाग पुढच्या भागाला बिजागऱ्यांनी जोडलेला असतो आणि मध्ये शॉक अॅब्सॉर्बर बसतो. मागचे चाक साधारण २०० मिलिमीटर वर-खाली होऊ शकते. त्यासाठी शॉक मात्र जेमतेम ७५ मिलिमीटर दबतो. या दोन अंतरांचे गुणोत्तर सरासरी पावणेतीनच्या आसपास पडते. पण सरासरी फसवी असते. हे गुणोत्तर संपूर्ण हालचालीत एकसारखे राहत नाही. सुरुवातीला ते जास्त असले, तर चाक लहान खड्यांवरही हळुवार हलते. शेवटाकडे ते कमी होत गेले, तर मोठ्या उडीनंतर सायकल तळाशी आपटत नाही. बिजागरीची जागा काही मिलिमीटर सरकवली, की हा सारा आलेख बदलतो. चेनचा झटका बदलतो, ब्रेक दाबल्यावर मागची बाजू कशी वागते तेही बदलते. एक गोष्ट सुधारताना दुसरी बिघडते, हा या कामातील नित्याचा अनुभव.

चेनच्या झटक्यावर एक उपाय म्हणजे मुख्य बिजागरी उंचावर नेणे व चेन तिच्या जवळून, एका छोट्या पुलीवरून फिरवणे. अशा रचनेत चाक दणका बसताच वर जाताना थोडे मागेही सरकते, म्हणजे दगडाला वाट करून देते. मात्र पुलीमुळे घर्षण आणि वजन वाढते. शिवाय दणक्यागणिक मागचे चाक मागे सरकल्याने सायकलची लांबी आणि तिचा तोलही बदलत राहतो.

हँडलच्या नळीचा कोन हा आणखी एक नाजूक विषय. रस्त्यावरच्या शर्यती सायकलीत तो ७३ अंशांच्या आसपास असतो, तर डाउनहिलमध्ये ६३ अंशांच्या आसपास. पुढचा चिमटा असा आडवा झाला की तीव्र उतारावर पुढचे चाक स्वाराच्या बरेच पुढे राहते आणि तोंडावर पडण्याची भीती कमी होते. पण सपाट वळणावर तेच चाक पकड सोडू लागते, कारण स्वाराचे वजन त्यावर पुरेसे येत नाही. मग मागचा भाग लांबवून तोल साधावा लागतो. कागदावर हे सर्व सोपे दिसते. उतारावर अर्ध्या अंशाचा फरकही जाणवतो, असे खेळाडू सांगतात.

म्हणूनच पहिल्या नमुन्यात अनेकदा बदलाची सोय ठेवलेली असते. मागच्या आसाचे पकडभाग काढून दुसरे बसवता यावेत, हँडलच्या नळीत तिरक्या कपांनी कोन बदलता यावा, शॉकच्या बुडाशी दोन-तीन भोके असावीत. अशी फ्रेम दिसायला बोजड असते. तिचे काम देखणे दिसणे नसून प्रश्नांची उत्तरे देणे हे असते.

तीन वाटा

जपानच्या होंडा कंपनीने २००४ मध्ये विश्वचषक शर्यतींत स्वतःची सायकल उतरवली तेव्हा मोटारसायकलच्या दुनियेतील सारी साधने तिच्या पाठीशी होती. आरएन-०१ या नावाच्या त्या सायकलीला मागे लोंबणारा गिअर नव्हता. गिअरची व्यवस्था फ्रेमच्या पोटातील एका बंद पेटीत होती. त्या पेटीत काय आहे, याविषयी तर्कवितर्क झाले आणि होंडाने कमालीची गुप्तता पाळली. दातेरी चक्रांची गुंतागुंतीची यंत्रणा असेल, असा अनेकांचा समज होता. प्रत्यक्षात आत नेहमीच्याच तत्त्वावर चालणारी चेन आणि गिअरची चकत्यांची जुडी निघाली! या सायकलीवर दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारने २००५ चा विश्वचषक जिंकला. २००७ च्या मोसमानंतर होंडाने पथक बंद केले; ही सायकल कधी दुकानात आलीच नाही. एवढ्या मोठ्या कंपनीने तिला अखेरपर्यंत नमुनाच राहू दिले, हे थोडे खटकते.

मुलॅलीची वाट याच्या अगदी उलट. त्याने २०२२ च्या मोसमात स्वतः आखलेल्या अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर विश्वचषक शर्यती खेळायला सुरुवात केली. वेल्डिंग केले ते ‘फ्रँक द वेल्डर’ या नावाने अमेरिकेच्या सायकल जगतात ओळखल्या जाणाऱ्या अनुभवी कारागिराने. एका मोसमात एकामागून एक आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येकीत काय चुकले हे त्याने उघडपणे चित्रफितींतून सांगितले. होंडाच्या बंद पेटीच्या तुलनेत हा मोकळेपणा नजरेत भरतो.

अॅल्युमिनियम निवडण्यामागे कारण आहे. कार्बनची फ्रेम घडवायची तर प्रत्येक मापासाठी धातूचा साचा लागतो. साचा एकदा कापला की बिजागरी पाच मिलिमीटर हलवणे म्हणजे नवा साचा आणि नवा खर्च. अॅल्युमिनियमच्या नळ्या मात्र करवतीने कापता येतात, जिगमध्ये हव्या त्या कोनात बसवता येतात. बिजागरीचे भाग मिलिंग यंत्रावर नव्याने काढता येतात. त्रास होतो तो वेल्डिंगनंतर. ६०६१ हा प्रचलित मिश्रधातू जोडाच्या आसपास उष्णतेने मऊ पडतो. म्हणून पूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तापवून एकदम थंड करतात. या थंडीने ती वाकडी होते. धातू अजून मऊ असतो तेवढ्यात ती सरळ करून घ्यावी लागते. त्यानंतर पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवली की पुन्हा कणखर होते. चांगल्या कारागिराची परीक्षा या मधल्या टप्प्यात होते, वेल्डच्या नक्षीत नव्हे.

जी, रेचल आणि डॅन या अॅथर्टन भावंडांनी २०१९ मध्ये तिसरी वाट धरली. त्यांच्या फ्रेममध्ये नळ्या कार्बनच्या, तर सांधे टायटॅनियमचे. हे सांधे टायटॅनियमच्या भुकटीचे अतिशय पातळ थर लेझरने वितळवत, ब्रिटनमधील रेनिशॉ कंपनीच्या यंत्रांवर ‘छापले’ जातात. प्रत्येक सांध्याला दुहेरी भिंत असते. त्या फटीत नळी शिरते आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून चिकटवली जाते. साचा नसल्याने कोन बदलायचा तर संगणकावरील आकृती बदलायची. मागच्या भागाची रचना डेव्ह वीगल यांची. त्यांच्याच रचनेच्या सायकलीवर ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २००६ आणि २००७ मध्ये जगज्जेता झाला होता.

तुटेपर्यंत चाचणी

फ्रेम हाती आली म्हणून कोणी शहाणा माणूस तिच्यावर बसून डोंगर उतरत नाही. ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने खडकांमधून जाताना हँडलची नळी तुटली, तर सावरायला क्षणही मिळत नाही. त्यामुळे एक-दोन फ्रेम प्रयोगशाळेत बळी देण्यासाठीच बनवल्या जातात.

सायकलींसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार माउंटन बाइकच्या फ्रेमवर पायडलच्या जागी १,२०० न्यूटनचा भार आळीपाळीने एक लाख वेळा दिला जातो. पुढच्या चिमट्याच्या टोकाला एका दिशेने १,२०० आणि उलट दिशेने ६०० न्यूटन, असे पन्नास हजार वेळा. याशिवाय साडेबावीस किलोचे वजन वरून सोडून आघात दिला जातो. एवढे सोसूनही तडा गेला नाही, तर फ्रेम उत्तीर्ण. येथे एक गोम आहे. मान्यताप्राप्त शर्यती आणि कसरतींसाठीच्या सायकली या मानकाने स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे ज्या सायकलीला सर्वांत जास्त मार खायचा, तिच्यासाठी ही परीक्षा किमान पातळीची ठरते. जबाबदार निर्माते त्यामुळे भार आणि आवर्तने स्वतःहून वाढवतात आणि फ्रेम तुटेपर्यंत यंत्र चालू ठेवतात. ‘तुटली का’ यापेक्षा ‘कुठे आणि कशी तुटली’ हे त्यांना जाणून घ्यायचे असते.

धातूला येणारा थकवा हा या परीक्षेचा गाभा. पोलादाला एका मर्यादेखालचे दणके जवळजवळ अमर्याद काळ सोसता येतात. अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान लहान दणकेही त्याच्या खात्यावर जमा होत राहतात. तडा बहुधा वेल्डच्या कडेला केसाएवढा सुरू होतो. तो रंगाखाली दडू नये म्हणून अनेक नमुने बिनरंगाचेच चालवले जातात. शर्यतीत एखादी कच्च्या धातूची चकचकीत सायकल दिसली, तर ती फॅशन असेलच असे नाही.

डोंगरावरचे घड्याळ

प्रयोगशाळा फ्रेम टिकेल का हे सांगते; ती वेगवान आहे का, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी डोंगरच लागतो. चिमट्यावर आणि शॉकवर हालचाल मोजणारे संवेदक बसवतात. ते सेकंदाला शेकडो नोंदी घेतात. चाक कितीदा तळाशी आपटले, दणक्यानंतर किती वेगाने परतले, पुढचे-मागचे चाक एकमेकांशी जुळवून चालते का, हे आलेखावर दिसते.

पण आलेखही दिशाभूल करतात. उतार उतरता उतरता स्वाराला वाट पाठ होते, म्हणून दुसरी खेप नेहमीच जरा जलद पडते. दुपारी माती सुकते, टायर झिजतात, हात थकतात. नवी फ्रेम म्हणून उत्साह असतो, तो निराळाच. यासाठी चाचणी घेणारे आधी जुनी मांडणी, मग नवी, मग पुन्हा जुनी अशा क्रमाने खेपा करतात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतात. टायरमधील हवेचा दाब प्रत्येक खेपेपूर्वी मोजतात. इतके करूनही फरक सेकंदाच्या काही दशांशांचा निघतो, आणि तो फ्रेमचा की माणसाचा हे ठरवताना भल्याभल्यांची पंचाईत होते.

घड्याळ आणि स्वार यांचे एकमत नसेल तर? जलद उतरलेली फ्रेम स्वाराला ‘अंगावर येणारी’ वाटली, तर शर्यतीच्या दिवशी ओल्या मुळांवर तो ब्रेक दाबणारच. फार ताठ फ्रेम मोजपट्टीवर उत्तम ठरते आणि खडकाळ वळणावर दगडादगडावरून उसळते. थोडी लवचीक फ्रेम तेथे पकड धरून राहते. किती लवचीक असावी, याचे ठरीव उत्तर नाही. ते प्रत्येक पथकाने आपल्या स्वारांसाठी शोधायचे असते, आणि म्हणूनच स्वतः स्पर्धक असलेला निर्माता येथे एक पाऊल पुढे असतो. त्याच्या तक्रारीचे भाषांतर करायला मध्ये कोणी लागत नाही.

स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमचा उतार सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब असून साडेपाचशे मीटर खाली उतरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अॅथर्टनच्या सायकलीवर ब्रिटनचा चार्ली हॅटन पहिला आणि त्याच्याच पथकातील ऑस्ट्रियाचा आंद्रेआस कोल्ब दुसरा आला. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २०२४ मध्ये अँडोरातील पाल अरिन्साल येथे कनिष्ठ गटाचे जगज्जेतेपद अमेरिकेच्या एसा व्हरमेटने मिळविले. त्याच्याखालची सायकल होती मुलॅलीच्या ‘फ्रेमवर्क्स’ची.