महाराष्ट्रातील विद्युतनिर्मितीचे स्रोत : एक ऐतिहासिक तुलना

प्रस्तावना :
2024 मध्येही जगातील सुमारे एक-तृतीयांश वीज कोळशापासून निर्माण झाली. त्याखालोखाल नैसर्गिक वायू, जलशक्ती व अणुऊर्जा यांचा क्रम लागतो. स्रोतांची अशी तुलना निर्मितीचे प्रमाण किंवा प्रतियुनिट खर्च यांवर आधारलेली असते. वीज कोणाला मिळाली आणि भार कोणी सोसला, हे त्यातून कळत नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील तीन स्रोतांचा या दृष्टीने विचार केला आहे.

जलविद्युत :
विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत व तो दुरून आणावा लागे. सह्याद्रीवरील पाऊस आणि कोकणाकडील तीव्र उतार यांमुळे त्यास पर्याय मिळाला. 1910 मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली व 1915 मध्ये खोपोली केंद्र कार्यान्वित झाले. गिरण्यांचा कोळसा वाचला. परंतु पाणी साठविण्यासाठी जमीन लागत होती. मुळशीच्या धरणात सुपीक भातखाचरे बुडणार म्हणून तेथील शेतकऱ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. 1924 पर्यंत हा लढा चालला, तथापि धरण थांबले नाही. 1927 मध्ये त्याच पाण्यावर भिरा केंद्र सुरू झाले.

औष्णिक वीज :
वाढती मागणी केवळ जलविद्युतेने भागणे शक्य नव्हते. 1980च्या दशकात चंद्रपूर येथे खाणींच्या सान्निध्यात मोठे औष्णिक केंद्र उभे राहिले. 1999 मध्ये चंद्रपूर ते पडघे ही 752 किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी कार्यान्वित झाली. वीज पश्चिमेकडे जाऊ लागली. राख व धूर मात्र चंद्रपूरच्या वाट्यास राहिले.

अणुऊर्जा :
1969 मध्ये तारापूर येथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. येथे धूर नाही व इंधनही अल्प लागते. तरीही किरणोत्सारी कचरा दीर्घकाळ सांभाळावा लागतो. आणि पुढील विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण येथील ग्रामस्थांना विस्थापित व्हावे लागले.

निष्कर्ष :
नव्या स्रोताने जुन्याचा एखादा दोष दूर केला, परंतु निर्मितीचा भार नाहीसा झाला नाही. तो शेतीवर, हवेवर किंवा पुढील पिढ्यांवर सरकला. सौर व पवन ऊर्जेने इंधन आणि धूर यांचा प्रश्न सुटतो, जमिनीचा नव्हे. म्हणून त्यांचे मूल्यमापन करताना मुळशीचा अनुभव विचारात घेणे आवश्यक ठरते.