घरातील ज्येष्ठांना रात्री नकळत लघवी होणे : काळजी आणि शासकीय मदत (श्रीपेरुंबुदूर परिसर)

नोकरीनिमित्त श्रीपेरुंबुदूर, ओरगडम किंवा इरुंगाट्टुकोट्टै येथे राहणाऱ्या आणि आई-वडिलांना सोबत आणलेल्या मराठी कुटुंबांसाठी ही माहिती आहे.

आधी हे लक्षात घ्या

रात्री अंथरुणात लघवी होणे हे म्हातारपणी चालायचेच, असे समजून सोडून देऊ नका. पुष्कळदा त्यामागे उपचार होऊ शकेल असे कारण असते: लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, बद्धकोष्ठता, पुरुषांमध्ये प्रोस्टेटची वाढ, झोपेच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. दिवसभर पाय सुजत असतील, तर आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परतते आणि रात्री लघवी वाढते.

आई-वडील हे आपणहून सांगतीलच असे नाही. चादर गुपचूप धुऊन टाकणे, संध्याकाळपासून पाणी बंद करणे, पाहुण्यांकडे जाणे टाळणे, ही त्याची चिन्हे असू शकतात. चारचौघांत विचारू नका. एकांतात, साध्या शब्दांत विचारा: "आई, रात्री उठायला उशीर होतो का?"

पाणी बंद करू नका

येथील उकाड्यात पाणी तोडल्यास अशक्तपणा येतो, बद्धकोष्ठता वाढते, लघवी दाट होऊन जळजळ आणि संसर्गाचा धोका वाढतो. दिवसभराचे पाणी कमी न करता त्याची वेळ बदला. बहुतेक पाणी संध्याकाळपूर्वी द्या आणि झोपण्याआधीचे दोन तास घोट-दोन घोटच द्या. चहा-कॉफी दुपारनंतर टाळा. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळा.

रात्रीची तयारी

1. तीन दिवस वहीत नोंद ठेवा: पाणी किती व केव्हा प्यायले, लघवी किती वाजता झाली, कपडे केव्हा ओले झाले. डॉक्टरांना ही वही दाखवा. रात्री उठवण्याची वेळही त्यावरून ठरवता येते.
2. झोपण्यापूर्वी एकदा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा लघवीला बसवा.
3. बाथरूमपर्यंतची वाट मोकळी ठेवा आणि मंद दिवा लावा. घाईत अंधारात उठताना पाय घसरून माकडहाड किंवा खुब्याचे हाड मोडू शकते. चालणे कठीण असेल, तर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची किंवा युरिन पॉट ठेवा.
4. अंथरूण दोन थरांत घाला: गादीवर रबरशीट, त्यावर सुती चादर, पुन्हा रबरशीट आणि पुन्हा चादर. रात्री वरचा जोड काढला की खाली कोरडे अंथरूण तयार असते. रबरशीट थेट त्वचेला लागू देऊ नका.
5. डायपर कमरेच्या मापाचा घ्या. सैल असल्यास गळतो, घट्ट असल्यास काचतो. शौच झाल्यास सकाळची वाट न पाहता लगेच बदला.
6. त्वचा साध्या पाण्याने पुसून, न घासता टिपून कोरडी करा आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. पावडर टाळा, ती ओलाव्यात गोळा होते.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. दाबूनही न फिकटणारा लाल डाग दिसला, तर ती बेडसोरची सुरुवात असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

ताबडतोब दवाखान्यात केव्हा?

ताप, लघवीत रक्त, अचानक असंबद्ध बोलणे, पायांत नवा अशक्तपणा किंवा बधिरपणा, अथवा पोट फुगून लघवी अडकणे यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नका. रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करा. घरात असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

तमिळमध्ये सांगायचे असल्यास: "अम्मावुक्कु इरविल तेरियामल सिरुनीर पोगिरदु", म्हणजे आईला रात्री नकळत लघवी होते. वडिलांसाठी "अप्पावुक्कु" म्हणा.

कोणती मदत मिळू शकते?

*मक्कळै तेडी मरुत्तुवम :* तमिळनाडू शासनाची ही योजना 5 ऑगस्ट 2021 रोजी सुरू झाली. रक्तदाब-मधुमेहाची औषधे, फिजिओथेरपी आणि खिळलेल्या रुग्णांची परिचर्या या सेवा तिच्यात घरपोच दिल्या जातात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी 104 हा क्रमांक आहे.

*ईएसआय :* आपला पगार दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि आपण विमाधारक कामगार असाल, तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. त्यांचे सर्व मार्गांचे उत्पन्न दरमहा 9,000 रुपयांपेक्षा जास्त नसावे. त्यांची नावे आपल्या नोंदीत आहेत का, हे कंपनीच्या कार्यालयात आजच तपासा. आजारपण आल्यावर नाव चढवण्यात वेळ जातो.

*राष्ट्रीय वयोश्री योजना :* वय 60 पूर्ण आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, किंवा मासिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत असल्यास सहायक साधने विनामूल्य मिळतात. कमोडची खुर्ची त्यात येते. वाटप शिबिरांतून होते; पुढील शिबिराची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा.

*मुख्यमंत्री वयोश्री योजना (महाराष्ट्र) :* आई-वडील महाराष्ट्राचे रहिवासी असल्यास, वय 65 वर्षे आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न 2 लाख रुपयांच्या आत असल्यास, साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये बँक खात्यात जमा होण्याची तरतूद आहे. अर्ज सुरू आहेत का, हे गावाकडील समाजकल्याण कार्यालयातून कळेल.

*आयुष्मान वय वंदना :* 70 वर्षांवरील व्यक्तींसाठीचे हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. घरी लागणाऱ्या डायपरचा खर्च त्यातून मिळत नाही.

*एल्डरलाइन 14567 :* ज्येष्ठांसाठीची निःशुल्क राष्ट्रीय हेल्पलाइन. माहिती, मार्गदर्शन आणि मनाचा आधार यांसाठी.

गिंडी येथील राष्ट्रीय वृद्धत्व केंद्र हे ज्येष्ठांसाठीचे शासकीय रुग्णालय आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

काळजी घेणाऱ्यासाठी

घरात कोणी रात्रपाळीला जात असेल, तर त्या आठवड्यात रात्री कोण उठणार हे आधीच ठरवा. रोज एकाच माणसाने उठू नये. झोप अपुरी राहिली की बोलण्यात चिडचिड येते आणि ती नेमकी ओल्या चादरीवरून बाहेर पडते. एकदा रागावलात, तर आई-वडील पुढच्या वेळी सांगणार नाहीत. ओल्यातच पडून राहतील. चादर बदलताना एवढेच म्हणा: "झालं, आता झोपा."