घरचे नियम आणि पांढरकवड्याची लढाई : प्रस्तावना

17 एप्रिल 1818 रोजी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ शिवणीच्या परिसरात, पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सशी गाठ पडली. मागावर इंग्रजांचाच डव्हटन होता. त्याला चुकवता चुकवता पेशवा थेट अ‍ॅडम्सच्या तोंडी सापडला. सामना असा झालाच नाही. पाच तोफा गमावून फौज पांगली, पेशवा घोड्यावरून निसटला आणि 3 जूनला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला.

हाच प्रसंग संगणकावर मांडला, तर पेशव्यांकडून खेळणारा काय करील? पडद्यावर त्याला घोडदळाचा आकडा दिसतो. तो सगळी पथकं एकवटून अ‍ॅडम्सला अडवील आणि कदाचित जिंकेलही. संगणकाची त्याला हरकत नसते. मग बाजीरावाने तसं का केलं नाही? या प्रश्नापाशी आमचा विषय सुरू होतो : घरचे नियम, म्हणजे खेळात नसलेली पण खेळणाऱ्यांनी आपसात ठरवून पाळलेली बंधनं.

गल्लीत क्रिकेट खेळताना ‘एक टप्पा आउट’ ठरवून घेतलेल्यांना ते वेगळे समजावून सांगायला नकोत. ‘वॉर इन द पॅसिफिक’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या प्रचंड संगणकीय खेळात दोन खेळाडू डाव मांडण्याआधीच असे करार करतात. चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानांनी 10,000 फुटांखालून जहाजांवर हल्ला करायचा नाही, हा त्यातला एक. खेळाच्या गणितात असा हल्ला फार सोपा होऊन बसतो. खऱ्या वैमानिकांना तो तसा नव्हता. दुसरा करार सीमांचा. एका मुलखाच्या रक्षणासाठी नेमलेली पलटण खेळातले राजकीय गुण (पॉइंट) खर्च केल्याशिवाय सीमेपलीकडे न्यायची नाही. सेनापतीच्या डोक्यावर सरकार असतं, हे त्या एका ओळीत येतं. माझ्या मते असा प्रत्येक नियम म्हणजे इतिहासाबद्दलचं एक विधान असतं, आणि त्याला पुरावा मागता येतो.

ही परंपरा संगणकापेक्षा जुनी आहे. प्रशियात रायस्वित्झने 1824 मध्ये युद्धखेळाचे नियम छापले, तेव्हा पटापाशी पंच बसवला होता. पुढे 1876 मध्ये प्रशियाच्याच व्हर्डी या सेनाधिकाऱ्याने कोष्टकं बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचावरच सोपवला. संगणकाने आकडेमोड उचलली, पण पंचाची जागा रिकामी राहिली. ती आता दोन्ही खेळाडू मिळून भरतात.

आता पुन्हा पांढरकवड्याकडे. पेशव्याचे सेनापती बापू गोखले 20 फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत पडले होते. नागपूरकर भोसल्यांचा सरदार गणपतराव पेशव्याला मिळणार होता, पण वणीकडून त्याला कर्नल स्कॉटने हुसकावलं होतं. खुद्द नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेत होते. म्हणजे पडद्यावर दिसणारी फौज मोठी खरी, पण तिला एका हुकमाने लढवील असा माणूस उरला नव्हता. पहिला नियम इथूनच निघतो : एका दिवसात सगळ्या पथकांना हुकूम देता येणार नाही. दुसरा : खजिना आणि कबिला शत्रूपासून एका मजलेच्या आत आला, की पेशव्याच्या खेळाडूने आधी तो हलवायचा, लढाई नंतर.

सगळ्यांत अवघड नियम वेगळाच आहे. अ‍ॅडम्स हिंगणघाटाकडून येणार, हे खेळणाऱ्याने वाचलेलं असतं. बाजीरावाला ते ठाऊक नव्हतं. नकाशावर धुकं पसरवून शत्रू लपवला तरी वाचलेलं पुसलं जात नाही. यावर मला पटलेला उपाय असा : तिसऱ्या माणसाने अ‍ॅडम्सची सुरुवातीची जागा आणि तारीख गुपचूप बदलावी. मग 17 एप्रिल घडेलच असं नाही, पण बाजीरावाची धास्ती मात्र खेळणाऱ्याला जाणवेल.

नियम किती असावेत यावर जाणत्यांचं एकमत नाही. फार बांधून टाकलं, तर पेशव्याने दर वेळी पळायचंच, एवढंच उरतं आणि शिकण्यासारखं काही राहत नाही. माझा कल कमी नियमांकडे आहे. वाचकाने वणी, पांढरकवडा आणि वर्धा नदी दाखवणारा नकाशा उघडावा, एक डाव नियमांशिवाय खेळावा, आणि जिथे मन ‘असं झालं नसतं’ म्हणेल तिथे थांबून पहिला नियम स्वतः लिहावा.