उतारावरचे घर : आराखड्याआधी गरजांची यादी

मुळशी, लोणावळा किंवा कोकणात डोंगरउतारावरील भूखंड पाहताना समोरच्या दरीचा मोह पडतो. व्यवहार पूर्ण होतो आणि घराचा विचार मागाहून सुरू होतो. सपाट जागेवर हे निभावून जाते. उतारावर मात्र प्रत्येक गरजेची किंमत खोदाई, भराव आणि पायऱ्यांच्या रूपाने मोजावी लागते. म्हणूनच वास्तुविशारदाकडे जाण्यापूर्वी कुटुंबाने आपल्या गरजा कागदावर मांडणे हिताचे ठरते.

राहणार कोण?

घर शनिवार-रविवारपुरते आहे की निवृत्तीनंतर कायम राहण्यासाठी, हा पहिला प्रश्न. दर ५ फुटांना १ फूट उतार असेल, तर उताराच्या दिशेने ३० फूट लांबीच्या घरात ६ फुटांचा फरक पडतो. म्हणजे ६ इंचाच्या १२ पायऱ्या. गुडघेदुखी असलेल्या आजीआजोबांना त्या रोज चढाव्या लागतील. अशा घरात स्वयंपाकघर, न्हाणीघर व एक शयनगृह प्रवेशाच्याच पातळीवर हवे; पाहुण्यांच्या खोल्या खालच्या टप्प्यावर चालतील.

सपाट जागा किती?

अंगण, बाग, दोन गाड्यांची जागा यांपैकी खरोखर आवश्यक काय, हे ठरवावे. अंगण नको असेल, तर घर खांबांवर उभारून जमिनीची कापणी कमी करता येते. हवे असेल, तर संरक्षक भिंत आली. तिच्यामागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निघण्याची छिद्रे नसतील, तर पावसाळ्यात साचलेल्या पाण्याच्या दाबाने ती कलू शकते. रस्ता भूखंडाच्या वर आहे की खाली, यावरही गाडीची जागा आणि सांडपाण्याचा मार्ग अवलंबून असतो.

नियम आणि निसर्ग

राज्यात २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार १:५ पेक्षा तीव्र उतारावर सर्वसाधारणपणे बांधकाम करता येत नाही. माळीण (२०१४) आणि तळिये (२०२१) येथील दुर्घटनांनी पावसाने भिजलेला डोंगर किती घातक ठरतो, हे दाखवून दिले. त्यामुळे जमिनीच्या चढउतारांची मोजणी व मातीची तपासणी टाळू नये.

यादीचे ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास बरे’ असे दोन रकाने करावेत. खर्च हाताबाहेर जाऊ लागला, की दुसऱ्या रकान्याला कात्री लावावी. संरक्षक भिंतीला आणि पाण्याच्या निचऱ्याला नव्हे.