संशोधनाचें धोरण आणि शेंदूरजनाघाटचें कलम

राष्ट्राच्या संशोधनधोरणाचा इतिहास दिल्लीच्या दप्तरांवरून लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु वऱ्हाडांतील शेंदूरजनाघाटच्या पन्हेरींतून तो पाहिला, तर त्यांतील उणीव अधिक स्पष्ट दिसते. सातपुड्याच्या पायथ्याचें हें गांव संत्र्याच्या कलमांसाठीं प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्याची विद्या येथें ग्रंथांनीं नव्हे, हातानें हातास दिली.

इंग्रजी अमलांतच, 1942 सालीं, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. 1958 च्या ठरावानें स्वतंत्र भारतानें विज्ञानाची जोपासना हें शासनाचें कर्तव्य मानलें; 1983 च्या निवेदनानें तांत्रिक स्वावलंबनावर भर दिला; 2013 च्या धोरणानें नवकल्पनेस शीर्षकांतच स्थान दिलें. मध्यंतरीं, 2001 च्या कायद्यानें वाण निर्माण करणाऱ्या शेतकऱ्याचा हक्कहि मान्य केला.

हा क्रम स्तुत्य खरा. तथापि कायदा नव्या वाणास ओळखतो, कलम बांधणाऱ्याच्या कसबास नाहीं. अकोल्याचें कृषि विद्यापीठ 1969 मध्यें निघालें, नागपुरास लिंबूवर्गीय फळांचें संशोधनकेंद्र 1985 मध्यें आलें. डिंक्या रोगावर उपाय तेथें शोधले जातात. पण रोगट कलमाचा दोष पुष्कळदां बाग फळावर आल्यावरच कळतो; तोंवर कुटुंबाचीं चारपांच वर्षें खर्ची पडलेलीं असतात. प्रयोगशाळेची परीक्षा आणि पन्हेरीवाल्याचें कसब यांची गांठ घालून देणें, हेंच पुढील धोरणाचें खरें कार्य होय.